वऱ्हाडातील वाचनयंत्रदाता

वाचनयंत्रदाता म्हणजे बायकोला ई-रीडर भेट द्यायचे मनात आणून पुढचे सहा-आठ महिने स्वतःच त्या यंत्राच्या अभ्यासात बुडालेला नवरा. अमरावतीत तो रुक्मिणीनगर, साईनगर, कॅम्प या भागांत आणि अकोल्यात जठारपेठ, रतनलाल प्लॉट, गोरक्षण रोड या बाजूला मुख्यतः आढळतो. वय पंचेचाळीस ते साठ. नोकरी महाविद्यालयात, बँकेत, जिल्हा परिषदेत, नाहीतर कृषी विद्यापीठात. मुले पुण्याला. घरावर वरचा मजला चढलेला आणि घराचे कर्ज फिटलेले. यातली शेवटची अट सर्वांत महत्त्वाची, कारण हप्ते चालू असलेला नवरा साडीच्या पुढे जात नाही.

भेट देण्याचा सराव त्याला बेताचाच असतो. घेण्याचा मात्र आहे. दर तिसऱ्या वर्षी धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीला जाऊन चांदीची वाटी आणि तेहतीस अनारसे स्वीकारण्यात त्याची उमेदीची वर्षे गेलेली असतात. बायकोला आजवर त्याने जे दिले ते घरालाच दिलेले होते: मिक्सर, कूलर, गुरुपुष्यामृताच्या दिवशी घेतलेले आणि लॉकरमध्ये ठेवलेले वळे. तिला एकटीला, तिच्या एकटीच्या कामाची वस्तू द्यावी हा विचार पन्नाशीच्या आसपास प्रथमच येतो आणि आला की त्याला धड झोपू देत नाही.

या विचाराचे मूळ प्रेमात आहे असे तो स्वतः सांगतो. जाणकार ते वाचनालयात शोधतात. वऱ्हाडातल्या पुष्कळ घरांत वाचते बायको आणि पुस्तक बदलून आणतो नवरा. अकोल्यातला दाता बाबूजी देशमुख वाचनालयात, अमरावतीतला आपल्या भागातल्या वाचनालयात, ऑफिस सुटल्यावर स्कूटर लावून कपाटासमोर उभा राहतो. खिशातल्या चिठ्ठीवर पाच नावे असतात. पाचही बाहेर गेलेली असतात. मग तो वेष्टन पाहून एक जाडसे उचलतो, घरी आणतो आणि ते मागच्या चातुर्मासातच वाचून झालेले निघते. एकच कादंबरी तीन वेळा घरी आणल्याबद्दल चारचौघांत निघालेला विषय हा बहुतेक नमुन्यांमध्ये यंत्रखरेदीचा आरंभबिंदू असल्याचे दिसते. त्यात एखाद्या दुपारी बायको सहज म्हणून जाते, “आताशा पुस्तकांचं अक्षरच लय बारीक येते हो.” यावर खरा उपाय चष्म्याचा नंबर तपासून घेणे हा आहे. दाता तो सुचवत नाही. त्याला त्या वाक्यात भेटवस्तू ऐकू येते.

येथून अभ्यासकाल सुरू होतो. तो किती लांबावा याला मर्यादा नाही. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर, एका पदराच्या हिशेबाने, ७५ किलोमीटरचा सलग डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. त्याच रस्त्याच्या दोन टोकांना राहणाऱ्या दात्याला पडदा सहा इंची घ्यावा की सात इंची, हे ठरवायला दिवाळीपासून पुढचे सहा-आठ महिने लागतात. दरम्यान लग्नाचा वाढदिवस येऊन जातो. वऱ्हाडातली लग्ने उन्हाळ्यातली, म्हणून तो बहुधा वैशाखात येतो आणि तात्पुरती सोय म्हणून आइस्क्रीमवर भागवला जातो.

अभ्यास होतो तो यंत्राचा. इंग्रजी आणि हिंदी व्हिडिओ पाहून दाता या विषयाचा इतिहास पाठ करतो आणि मधल्या सुटीत, गिलावड्याची प्लेट समोर असताना, सहकाऱ्यांना ऐकवतो. सोनीने २००४ साली जपानात असे यंत्र आणले. अॅमेझॉनचे किंडल १९ नोव्हेंबर २००७ रोजी अमेरिकेत ३९९ डॉलरला निघाले आणि साडेपाच तासांत संपले. आपल्याकडे अहमदाबादच्या इन्फिबीमने २०१० मध्ये ‘पाय’ नावाचे यंत्र दहा हजारांच्या आत विकायला काढले होते. किंडलचे भारतातले दुकान २०१२ च्या ऑगस्टात उघडले आणि त्यात मराठी पुस्तके आली ती डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमच्या बरोबरीने. सहकारी मान डोलावतात. “मग कोनतं घेतलं सर?” या प्रश्नावर उत्तर ठरलेले असते: “पाहून राह्यलो.”

यातले पडद्याचे शास्त्र तो मनापासून सांगतो आणि ते सांगण्याजोगे आहेही. या पडद्यात केसाएवढ्या जाडीच्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत स्वच्छ द्रव आणि त्यात काळ्या व पांढऱ्या रंगाचे कण. दोन्हींवर परस्परविरुद्ध विद्युतभार. खालून वीज जशी दिली जाईल तसे एका रंगाचे कण वर येतात, दुसरे तळाला जातात आणि अक्षर उमटते. एकदा उमटले की ते तसेच राहते. वीज लागते ती पान बदलताना आणि समोरचा दिवा लावला तर त्या दिव्याला. म्हणून एकदा चार्ज केलेले यंत्र आठवडेच्या आठवडे चालते. मोबाईलचा पडदा डोळ्यांत प्रकाश सोडतो, हा मात्र कागदासारखा बाहेरचा प्रकाश परत पाठवतो. कडेने बसवलेले बारीक दिवेसुद्धा पानावर उजेड पाडतात, वाचणाऱ्यावर नाही. भारनियमनाच्या आठवणी ताज्या असलेल्या प्रदेशात हा गुण थोडाथोडका नव्हे. दात्याच्या सगळ्या युक्तिवादात हा एक खणखणीत असतो. दुर्दैवाने तो त्यावर थांबत नाही.

माहितीपत्रकातले बाकीचे गुण वऱ्हाडात उतरले की त्यांचे काय होते याचाही विचार व्हायला हवा. हा पडदा भर उन्हात वाचता येतो, असे ठळक अक्षरांत छापलेले असते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या उन्हात पुस्तक वाचायला बसणाऱ्याला वाचनाची नव्हे, सलाइनची गरज लागते. शिवाय त्याच माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, सुरक्षेच्या सूचनांमध्ये, यंत्र ० ते ३५ अंश सेल्सियसमध्ये वापरावे असे बारीक अक्षरात असते. म्हणजे अकोल्यात होळीच्या सुमाराला ते कपाटात ठेवायचे आणि मृगाचा पाऊस पडला की काढायचे. दुसरा गुण जलरोधकतेचा. किंडलचे पेपरव्हाइट हे मॉडेल २०१८ पासून दोन मीटर गोड्या पाण्यात तासभर बुडून राहिले तरी बिघडत नाही. काटेपूर्णा धरणाचे पाणी ज्या शहरात नळाला काही दिवसांआड येते, तिथे दोन मीटर पाणी तासभर एका जागी जमवणे हाच मोठा प्रयोग होईल. तरीही दाता हा मुद्दा यादीत वरच्या क्रमांकावर ठेवतो. त्याला बायको वाचताना पाण्यात पडेल अशी भीती नसते. गुण आहे आणि त्याचे पैसे आपण दिलेत, एवढ्याने त्याचे समाधान होते.

सल्लागारांमध्ये पहिला मोबाईलचा दुकानदार. अमरावतीच्या राजकमल चौकाच्या आसपासच्या कोणत्याही दुकानात दात्याने विचारले तर काउंटरमागचा तरुण त्याच्याकडे क्षणभर कीव केल्यासारखे पाहतो. “कायले ते काळंपांढरं घेता साहेब? हे टॅब न्या. याच्यात वाचताबी येते, पिच्चरबी पाह्यता येते, अन् पोराईचा अभ्यासबी होते.” पोरांचा अभ्यास संपून त्यांना नोकऱ्या लागल्या आहेत, हे सांगायचे दात्याच्या जिवावर येते. तो किंमत विचारून, कार्ड घेऊन बाहेर पडतो. दुकानदाराचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. टॅबवर रंगीत चित्रे दिसतात, मराठी पुस्तकांची सगळी ॲप्स चालतात. फक्त त्यावर पुस्तक वाचायला घेतलेला माणूस दहाव्या मिनिटाला पुरणपोळीचा व्हिडिओ पाहत असतो, हे दात्याला स्वतःच्या मोबाईलवरून पक्के ठाऊक असते.

दुसरा सल्लागार हिंजवडीतला भाचा. हा फोनवर एकच वाक्य बोलतो: “मामा, तुम्ही बजेट सांगा.” मामा बजेट सांगत नाही. सांगितले तर भाचा त्यात बसणारे यंत्र सुचवेल आणि अभ्यास तिथेच संपेल. मग भाचा चार दुवे पाठवतो, मामा ते मोठ्या अक्षरात कागदावर उतरवून काढतो, आणि पुढच्या रविवारी तोच संवाद पुन्हा होतो.

तिसरा बायकोचा भाऊ, न्यू जर्सीतला. तो म्हणतो, “भाऊजी, मी दिवाळीत येतोच आहे, इकडून आणतो.” हा मार्ग स्वस्त वाटतो, पण त्यात खाचखळगे आहेत. तिकडे जाहिरातींसह काही यंत्रे थोडी कमी किमतीला मिळतात. यंत्र झोपले की त्याच्या पडद्यावर जाहिरात उभी राहते आणि ती कोणत्या कादंबरीची असेल हे आपल्या हातात नसते. अमरावतीच्या एखाद्या घरात दिवाणावर पालथे पडलेले यंत्र सुलटे करताच दाढीवाला उघड्या छातीचा इंग्रज दिसू लागला, तर खुलासा मेहुण्याने नव्हे, नवऱ्याने द्यायचा असतो. शिवाय खाते तिकडचे असेल तर दुकानही तिकडचेच उघडते आणि पुस्तकांचा भाव डॉलरमध्ये पडतो. दाता हा पर्याय सोडून देतो. मेहुण्याचे उपकार नकोत, हे कारण तो सांगत नाही.

किमतीच्या बाबतीत अमरावती आणि अकोला येथील दाते वेगळे पडतात. अमरावती हे शिक्षणाचे गाव. तिथल्या दात्याचा अडसर तत्त्वाचा असतो: छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आणि ई-पुस्तकावर, त्याची छापील आवृत्ती असली तरी, पाच टक्के, हा वाचनसंस्कृतीवर अन्याय आहे यावर तो अर्धा तास बोलू शकतो. प्रत्यक्ष पुस्तक विकत घ्यायची वेळ आली की पाच टक्क्यांचे साडेसात रुपयेही त्याला आठवत राहतात. अकोला बाजारपेठेचे गाव. तिथला दाता सगळे क्विंटलमध्ये मोजतो. एप्रिल २०२५ मध्ये भारतात आलेल्या सात इंची पेपरव्हाइटची किंमत १६,९९९ रुपये होती. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये. म्हणजे एक वाचनयंत्र बरोबर ३ क्विंटल १९ किलो सोयाबीन, आणि तेसुद्धा हमीभाव मिळाला तर. बाजारात भाव खाली असला की यंत्र आपोआप साडेतीन-चार क्विंटलला जाऊन बसते. गावाकडे दहा एकर असलेला दाता हा हिशेब भावाला मुळीच सांगत नाही. भाऊ शेतात राबतो.

या सगळ्या महिन्यांत एक प्रश्न विचारलाच जात नाही: जिच्यासाठी हे चालले आहे ती काय वाचते? दात्याला पडद्याची घनता माहीत असते, इंचात तीनशे ठिपके. बायकोच्या उशाशी आता कोणते पुस्तक आहे हे विचारले तर तो “ते निळं” असे उत्तर देतो.

आणि मराठी वाचणाऱ्याच्या बाबतीत सगळी गोम याच प्रश्नात आहे. मराठी पुस्तक यंत्रावर येण्याच्या वाटा अनेक आहेत आणि त्या एकमेकींना मिळत नाहीत. काही प्रकाशक किंडलवर आहेत. काहींची ई-पुस्तके पुण्याच्या बुकगंगावर मिळतात, पण ती बुकगंगाच्या स्वतःच्या ॲपमध्ये वाचायची असतात; किंडलच्या पडद्यावर ती उघडत नाहीत. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी मोलाची पुस्तके फुकट उतरवून घेता येतात, ई साहित्य प्रतिष्ठानचीही, पण ती बहुतेक पीडीएफ. पीडीएफ म्हणजे छापील पानाचा फोटोच समजावा. मोठ्या आकाराचे पान सहा इंची पडद्यावर आणले की अक्षर मुंगीएवढे होते, आणि मोठे करायला जावे तर ओळ पडद्याबाहेर पळते. जिचे अक्षर बारीक दिसते म्हणून यंत्र आणले तिला त्याहून बारीक अक्षर भेट मिळते. याखेरीज जुन्या पुस्तकांचे आणखी एक दुखणे आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर ज्या फॉन्टांत जुळवला जाई, त्यांत संगणकाच्या दृष्टीने ती रोमन चिन्हेच असत. त्या फायली बदलून घेताना जोडाक्षरे निखळतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात आणि काळजीपूर्वक मुद्रिते तपासली नाहीत तर गंभीर प्रसंगी नायिका भलतेच काही बोलून जाते.

दात्याला यातून जो मार्ग दिसतो तो फुकटाचा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांसाठी मोकळे होते. म्हणून यंत्र हातात येताच तो एका रात्रीत शे-दीडशे पुस्तके भरतो: ह. ना. आपटे, राम गणेश गडकरी, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. अकोल्याच्या दात्याला तर त्यात घरचे कार्य असल्यासारखा उत्साह असतो. १९१२ चे साहित्य संमेलन अकोल्यात भरले आणि आपटे त्याचे अध्यक्ष होते. कोल्हटकरांनी वकिली केली ती वऱ्हाडातच. सगळे आपलेच. बायको ही यादी वरून खाली पाहते, खालून वर पाहते आणि विचारते की गोनीदांचं काही आहे का. गोपाल नीलकंठ दांडेकर जन्माने परतवाड्याचे, म्हणजे आपलेपणात आपट्यांहून सरस. पण ते १९९८ साली गेले, तेव्हा त्यांचे लेखन मोकळे व्हायला १ जानेवारी २०५९ उजाडेल. एवढे गणित तोंडी करून दाखवणारा नवरा पुस्तक विकत घेण्याचा पर्याय मात्र सुचवत नाही. साठ वर्षांचा नियम शिकलेल्या माणसाला दीडशे रुपये जास्त वाटू लागतात.

प्रत्यक्ष खरेदीत सांगण्यासारखे काही नाही. एके रात्री साडेअकराला, सवलतीची मुदत संपायला अर्धा तास असताना, भाचा पुण्याहून बटण दाबतो.

प्रदानाचा प्रसंग मात्र सविस्तर पाहावा. तो बैठकीत होतो. हजर असतात बायको, दात्याची आई, शेजारच्या काकू आणि ओवाळणीच्या तबकातला निरांजनाचा दिवा. खोके उघडल्यावर पहिला प्रश्न बायकोचा नसतो. आई विचारते, “कितीले पडली हे पाटी?” किमतीसंबंधी दात्याचे धोरण पक्के असते. घरात सांगायची किंमत खऱ्याच्या निम्मी आणि ऑफिसात सांगायची दीडपट. तो “आठ हजार” म्हणतो. आई म्हणते, “बह्याड झाला का रे बाप्पा? आठ हजारात पाटी?” काकू यंत्र हातात घेऊन उलटसुलट करतात आणि यात कॅमेरा कुठे आहे ते शोधतात. दाता पान उलटून दाखवतो. अशा पडद्याची एक खोड असते: अधूनमधून, मागल्या पानाचा ठसा पुसून टाकण्यासाठी, तो एकदम सगळा काळा होऊन पुन्हा पांढरा होतो. नेमके ते याच वेळी होते. “गेली व माय!” आई म्हणते, “बिघडली.” दाता कुप्या आणि कण समजावू लागतो. तोवर चहा आलेला असतो.

रात्री दुसरा घोळ. झोपलेल्या यंत्राच्या पडद्यावर चित्र राहते, कारण कण जागचे हलत नाहीत आणि त्याला वीज लागत नाही. पाणी प्यायला उठलेली आई ते पाहते आणि हाक मारते, “थे बंद कर व सूनबाई, रातभर लाइट जळून राह्यला.” सूनबाई ते दाबून पाहते. चित्र बदलते, जात नाही. शेवटी यंत्रावर टॉवेल टाकून दोघी झोपतात.

बायकोची स्वतःची परीक्षा दुसऱ्या दिवशी दुपारी, कूलरसमोर आडवे होऊन होते. यात यंत्र अनपेक्षितपणे वरच्या श्रेणीत उत्तीर्ण होते, हे नोंदवले पाहिजे. ‘मृत्युंजय’सारखी जाड कादंबरी उताणे पडून वाचणाऱ्याला डुलकी लागली की ती नाकावर पडते, दोनशे ग्रॅमच्या आसपासचे यंत्र पडले तरी नाक शाबूत राहते. अक्षर हवे तेवढे मोठे होते. वरणाला उकळी येईपर्यंत चार पाने होतात आणि तिखटाचे बोट लागले तर पुसता येते. एवढे सगळे मान्य करून ती अडचण सांगते ती वेगळीच: “पण हे वाचून झालं की काकूले कसं देऊ मी?”

दात्याने आठ महिन्यांत पाहिलेल्या एकाही व्हिडिओत या प्रश्नाचे उत्तर नसते. तिचे वाचन एकटीचे नसते. एक कादंबरी घरात आली की ती पाच-सहा घरांतून फिरते, भिशीच्या दिवशी तिच्यावर बोलणे होते, कोणीतरी शेवट आधीच सांगून टाकते आणि त्यावरून आठ दिवस अबोला धरला जातो. दिवाळी अंकांचे तर हे अधिकच खरे. १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून तो एका हातात राहण्यासाठी निघतच नाही, चार बायका चार-चार अंक घेतात आणि संक्रांतीपर्यंत सोळा वाचतात. यंत्रावर विकत घेतलेले पुस्तक मात्र खात्याला बांधलेले. द्यायचे तर सगळे यंत्रच द्यायचे. काकू ते आनंदाने घेऊन जातात आणि पाचव्या दिवशी परत करतात तेव्हा वाचलेले पान हरवलेले, अक्षर प्रचंड झालेले आणि भाषा कोणत्या तरी मार्गाने जर्मन झालेली असते.

मग वाचनालयाची वर्गणी चालूच राहते. दाता पूर्वीप्रमाणे स्कूटरवरून जातो. यंत्राच्या चार्जिंगची, वायफायची, जर्मनचे मराठी करण्याची कामे त्याच्याकडे वाढतात ती वेगळी. महिना १६९ रुपये भरले की पाहिजे तेवढी पुस्तके वाचता येतात, अशी एक योजना तो सुरू करून देतो. त्यातले पुस्तक वाचून परत करावे लागते हे कळल्यावर बायको म्हणते, की म्हणजे वाचनालयच झालं की हो. याला त्याच्याकडे उत्तर नसते आणि असण्याची गरजही नाही. तिचे म्हणणे बरोबर आहे.

यंत्राचा सर्वांत नेमाने उपयोग, बऱ्याच घरांत, ज्या व्यक्तीने त्याला पाटी म्हटले तीच करते. दासगणूंच्या ‘गजानन विजय’ ग्रंथाचे २१ अध्याय. शेगाव इथून हाकेवर, पारायण घरोघर. छापील पोथी आता आईला दिसत नाही आणि मोतीबिंदूचे दुसरे ऑपरेशन ती पुढे ढकलत आलेली असते. भाचा पोथीचा मजकूर नीट जुळवून यंत्रावर पाठवतो, पडद्यावर एका वेळी तीनच ओव्या मावतील एवढे अक्षर होते आणि दर गुरुवारी सकाळी यंत्र देवघरात जाते. त्याला गंध लागते, अक्षता पडतात. काळे होऊन पांढरे होणे आता बिघाड वाटत नाही. आई तेवढ्यात हात जोडून घेते. सून दुपारी मागते तेव्हा पुढचा अध्याय चालू असतो. दात्याने ज्या गुणांची तुलना महिनोन्‌महिने केली त्यांतला अक्षर मोठे होण्याचा एकच गुण या घरात वर्षभर कामाला येतो, आणि तो सर्वांत स्वस्त यंत्रातही असतो.

उरतो प्रश्न कव्हरचा. यंत्राबरोबर कव्हर येत नाही, आणि चांगले म्हणून जे आवडते ते चामड्याचे निघते. चामडे देवघरात चालत नाही. कापडी शोधावे तर बाजारात जास्त दिसते ते आधीच्या ६.८ इंची मॉडेलचे, आणि घरातले यंत्र सात इंची. ते कव्हर याला बसत नाही. दाता पुन्हा वही काढतो, लांबी-रुंदीचे रकाने आखतो, भाच्याला फोन लावतो. भाचा म्हणतो, “मामा, बजेट सांगा.” या खेपेला दात्याला बजेट सांगायचीसुद्धा वेळ येत नाही. आईने तोवर जुन्या लुगड्याच्या तुकड्याची नाडीवाली पिशवी शिवलेली असते, आणि ती ६.८ इंचीलाही बसली असती.